दुर्मीळ झालेलं आणि दुर्मीळ केलेलं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा डोंबिवलीचा, चार वर्षांपासून नोकरीनिमित्त व्हिएन्नात आहे. इथल्या पोस्टाने २०१९ मध्ये ‘क्रिप्टो स्टँप’ काढले. कागदी तिकीट आणि त्याच्या जोडीला ब्लॉकचेनवरचं, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामाईक डिजिटल वहीतलं टोकन, मालकीची एक नोंद. मागोमाग स्वित्झर्लंडनेही काढले. लहानपणी आजोबांच्या अल्बमसाठी मी पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवत असे, त्यामुळे मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. मागच्या अंकात मात्र तुम्ही ‘आपल्या टपाल खात्याने या वाटेला जाऊ नये’ असं एका ओळीत लिहून टाकलंत. ते खटकलं. नवी पिढी तिकिटांकडे वळायची तर हाच रस्ता नाही का? — एक वाचक, व्हिएन्ना

उत्तर : तुमचं खटकणं रास्त आहे. एका ओळीत सांगण्यासारखा हा विषय नव्हता. आज नीट सांगते.

ज्यांनी हे तिकीट पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. ऑस्ट्रियाचं पहिलं क्रिप्टो तिकीट ११ जून २०१९ ला निघालं. किंमत ६ युरो ९० सेंट, प्रती दीड लाख. एका कार्डाचे दोन भाग. एक भाग म्हणजे पाकिटाला चिकटवून टपालात टाकता येईल असं खरं तिकीट. दुसऱ्या भागावर खरवडायचा थर, पूर्वी मोबाइलच्या रिचार्ज कुपनावर असायचा तसा. त्याखाली गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती, टोकन त्याचं. कागदावरचा एकशिंगी घोडा सगळ्यांना सारखाच. पण इथेरियम या ब्लॉकचेनवर नोंदलेल्या त्याच्या जुळ्या चित्राचे रंग पाच : काळे ७८,५००, हिरवे ४०,०००, निळे २०,०००, पिवळे १०,००० आणि लाल फक्त १,५००. कुठला रंग कुणाच्या वाट्याला येईल, ते नशिबावर. स्विस पोस्टाने २५ नोव्हेंबर २०२१ ला काढलं ते ८ फ्रँक ९० चं. प्रती १,७५,०००, चित्रं तेरा, आणि तीही अशीच कमीजास्त संख्येत.

ही तिकिटं बनावट नाहीत, टपालाला चालतात. काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असंही मी म्हणणार नाही. ब्लॉकचेन फार वीज खाते हा आक्षेपही मी घेत नाही, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि तो खर्च जवळजवळ संपला. या तिकिटांना विरोध करणारे अजून तेच तुणतुणं वाजवतात, ते सोडून द्यावं.

माझं बोट अडतं ते त्या १,५०० लाल घोड्यांवर.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हटलं की दोनच, एक नोटांची आणि एक तिकिटांची. वडील तिकिटांच्या, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. कागद मोजून हातात यायचा आणि मोजून परत द्यावा लागायचा. बिघडलेला ताव फेकायची सोय नव्हती, तोसुद्धा हिशेबात. एक ताव कमी भरला म्हणून सगळी पाळी थांबवून ठेवल्याचं वडील सांगत, आणि तो ताव सापडेपर्यंत कुणाच्याही घशाखाली चहा उतरला नाही, हेही सांगत. एवढा जिवापाड हिशेब कशासाठी, असं मी त्यांना लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, “अगं, आपण पैसे आधी घेतो आणि काम नंतर करतो. लोक आपल्याला उधार देतात.”

पुढे एकतीस वर्षं मी स्वतः टपाल खात्यात काढली, त्यातली बारा फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीटसंग्राहकांच्या काउंटरवर, आणि वडिलांच्या त्या वाक्याची खूण रोज पटत गेली. तिकीट म्हणजे आगाऊ घेतलेली हमाली. पाच रुपयांचं तिकीट कुणीही घ्या, श्रीमंत घेवो, गरीब घेवो, काम पाच रुपयांचंच होणार. खिडकीवर तिकीट घेताना नशिबाचा प्रश्नच येत नाही.

मग दुर्मीळ तिकिटं आली कुठून? वापरातून आली, चुकांतून आली, काळातून आली. १८५२ ची ‘सिंध डाक’ बघा. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने अर्ध्या आण्याची ही तिकिटं निघाली, आशियातली पहिली. लाल रंगाचं तिकीट लाखेचं होतं. सांडणीवरून, घोड्यावरून जाताना लाखेचे तुकडे पडायचे, म्हणून कागदावर उठावाची पांढरी आणि निळी काढली. लाल आज मिळत नाही, ते फुटून गेलं म्हणून. १८५४ चं चार आण्यांचं तिकीट कलकत्त्यात सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत दोन रंगांत, दोन वेळा छापलं जात होतं. एक रंग छापल्यावर काही ताव उलटे घातले गेले आणि राणी व्हिक्टोरियाचं डोकं खाली आलं. कुणीतरी ती तिकिटं न बघता पत्रांना लावली, पत्रं पोचली, पाकिटं बहुतेक चुलीत गेली. जी थोडी वाचली, त्यांना आज मोल आहे. १९४८ ची गांधींची चार तिकिटं तर तुमच्या शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असं छापून सरकारी कामासाठी अवघी शंभर केली होती. तीही कुणी सोडतीसाठी बाजारात आणली नव्हती.

लाल घोडा १,५०० च निघायचा, हे मात्र पहिल्या दिवसाआधीच ठरवलेलं होतं. एकच किंमत घेऊन एकाला काळा द्यायचा आणि दुसऱ्याला लाल, याला आमच्या गावात सोडत म्हणतात. दुर्मीळ झालेलं आणि दुर्मीळ केलेलं यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पहिल्यामागे पत्र लिहिणारी, पोचवणारी, जपणारी माणसं असतात. दुसऱ्यामागे फक्त आधी ठरवलेला आकडा असतो.

आणि हा मोह काही नवा नाही. तिकीट विकलं आणि पत्र पोचवावं लागलं नाही, तर ते पैसे पोस्टाला जवळजवळ फुकटचे. १८९० च्या सुमारास निकोलस सीबेक नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने होंडुरास, निकाराग्वा, एल साल्वाडोर, इक्वेडोर या देशांशी करार केले. दरवर्षी नवी तिकिटं मी फुकट छापून देतो, वर्ष संपलं की ती रद्द करा आणि उरलेला माल मला द्या. तो माल तो संग्राहकांना विकायचा, संपला की पुन्हा छापायचा. संग्राहक इतके चिडले की १८९५ मध्ये लंडनला अशा सट्ट्याच्या तिकिटांविरुद्ध मंडळ निघालं. आज सीबेकची कोरी तिकिटं मातीमोल आहेत. त्यांतली जी खरोखर पत्राला लागून गेली, तीच शोधावी लागतात. हे मला फार बोलकं वाटतं.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी कळवळून का लिहिते ते समजेल. काउंटरवर एक बाई आल्या होत्या, साठीच्या. यजमान नुकतेच गेले होते. कापडी पिशवीत दोन जाडजूड अल्बम. “यांनी सांगून ठेवलंय, अडचण आली तर हे विक.” अल्बम उघडला तर पानभर अजमान, फुजैरा, उम्म अल कुवेन. वाघ, अंतराळवीर, फुलपाखरं, झगमगीत रंग. प्रत्येक तिकिटाच्या कोपऱ्यात शिक्क्याचा अगदी सारखा पाव गोल. मी चिमट्याने एक तिकीट उलटं केलं. मागचा डिंक जसाच्या तसा, आरशासारखा चकचकीत. म्हणजे ते कधी पत्राला लागलंच नव्हतं. छापखान्यातच शिक्क्यासकट छापलेलं. साठच्या दशकात आखाती अमिरातींच्या नावाने परदेशी दलालांनी असा माल पोत्यांनी काढला. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती झाली आणि त्यानंतर ते प्रकरण मिटलं. त्या गृहस्थांना एका विक्रेत्याने ‘गुंतवणूक’ म्हणून वर्षानुवर्षं हा माल दिला होता. मी बाईंना काय सांगणार? बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत. “पण यांनी रात्र रात्र बसून लावलीत हो,” एवढंच म्हणाल्या. पिशवीच्या तळाशी बिस्किटांचा डबा होता. त्यात सासऱ्यांना आलेली जुनी पोस्टकार्डं आणि पाकिटं, सांगली-मिरजेचे स्पष्ट शिक्के. ती मी एकेक करून वेगळ्या पाकिटात घालून दिली आणि “ही कुणाला स्वस्तात देऊ नका” असं तीनदा बजावलं.

उद्या अशीच एखादी बाई कार्ड घेऊन काउंटरवर आली आणि म्हणाली, ‘यांनी किल्ली कुठे लिहून ठेवली होती ते सापडत नाही,’ तर माझ्या जागी बसलेल्या मुलीने काय करायचं? मनीऑर्डर हरवली तर तक्रार घेता येते, शोध घेता येतो. बचत खात्याचं पासबुक हरवलं तर दुसरं मिळतं, वारस आला तर नामनिर्देशन बघतात. ब्लॉकचेनवरची किल्ली गेली की गेली. पोस्टमास्तर जनरलसुद्धा ती परत काढू शकत नाहीत, कारण ती वही पोस्टाच्या ताब्यातच नाही. शिवाय टोकनमधलं चित्र बहुतेक वेळा त्या वहीत नसतं, दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवर असतं. तो चालू ठेवणारी कंपनी बंद पडली तर नावापुरती नोंद उरेल. विकताना मात्र पाकिटावर नाव पोस्टाचं होतं, म्हणून शिव्या खायला पोस्टच.

तुमच्या तिथलं पोस्ट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिने धंद्याचा विचार करून एक प्रयोग केला, ते तिला शोभतं. आपलं पोस्ट हे सरकारचं खातं आहे. दीड लाखांहून जास्त कचेऱ्या, त्यांतल्या सुमारे नव्वद टक्के खेड्यांत. त्याच सरकारने १ एप्रिल २०२२ पासून अशा टोकनांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला आणि त्यांतला तोटा दुसऱ्या कमाईतून वजा करायला मनाई केली. अशी वस्तू त्याच सरकारच्या खिडकीवरून, आंतरदेशीय पत्राशेजारी ठेवून विकायची? गावातला माणूस ब्रँच पोस्टमास्तरला विचारणारच, ‘साहेब, घेऊ का? वाढेल का?’ तिथे ‘पोस्ट आहे म्हणजे बुडणार नाही’ अशी लोकांची समजूत आहे. ती कमवायला दीडशे वर्षं गेलीत.

नव्या पिढीबद्दलची तुमची कळकळ खरी आहे आणि मलाही ती आहे. पण नवेपणाला माझा विरोध नाही. खात्याने २००६ मध्ये चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं, २०११ मध्ये गांधींचं तिकीट चक्क खादीवर छापलं. माझ्या काउंटरवर पोरं ते बोटाने चाचपून बघायची, धागे मोजायची. तुमच्या आजोबांच्या अल्बमसाठी तुम्ही तिकीट पाण्यात सोडलंत, ते कडेने हळूहळू सुटताना पाहिलंत, म्हणूनच आज व्हिएन्नात बसून तुम्ही मला पत्र लिहिता आहात ना?

प्रश्न : भाच्याने मला ऑस्ट्रियाचं एक क्रिप्टो तिकीट भेट दिलं आहे. खरवडायचा थर अजून शाबूत आहे. खरवडू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : घाई करू नका. तुम्ही तिकीट जमवता की टोकन, ते आधी ठरवा. तिकीट जमवत असाल तर कार्ड आहे तसं, अखंड, आम्लरहित पाकिटात ठेवा. एकदा खरवडलं की संग्राहकाच्या लेखी ते कोरं राहत नाही. टोकनमध्ये रस असेल तर एकटे असताना खरवडा. किल्लीचा फोटो काढू नका, कुणाला पाठवू नका. कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा.

आणखी एक. पुढे कधी असं कार्ड दुसऱ्याकडून विकत घ्याल तर त्याचं टोकन अजून जागेवर आहे का ते आधी बघा. ब्लॉकचेनची वही उघडी असते, कुणालाही वाचता येते. टोकन काढून घेऊन नुसतं कार्ड विकणं सहज शक्य आहे. कागद आणि टोकन यांची गाठ इतकी सैल आहे. छिद्रांची मोजणी, कागद, छपाई हे आपण भिंगाखाली तपासतो, ते सगळं बरोबर निघेल आणि तरीही तुमच्या हाती अर्धीच वस्तू आलेली असेल.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिला तिकिटांची आवड लागली आहे. मोबाइलवरची ‘डिजिटल तिकिटं’ घेऊन देऊ का? — एक पालक, अकोला

उत्तर : नको. तिच्या नावाने पोस्टात फिलाटेलीचं ठेव खातं उघडा. सुरुवातीला २०० रुपये पुरतात आणि नवी तिकिटं घरी येतात. शाळेत फिलाटेली क्लब असेल तर तिला सभासद करा. सहावी ते नववीच्या मुलांसाठी ‘दीनदयाळ स्पर्श’ ही तिकीटसंग्रहाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ६,००० रुपये. परीक्षा आणि प्रकल्प दोन्ही असतात, त्याची चौकशी तुमच्या मुख्य टपाल कचेरीत करा. बोथट टोकाचा चिमटा घेऊन द्या, हाताने तिकीट उचलू देऊ नका. आणि घरात कुणाची जुनी पत्रं असतील तर त्यांवरची तिकिटं तिला कापू देऊ नका. पाकीट अख्खं ठेवा, शिक्क्यासकट. आधी तिला तो शिक्का वाचायला शिकवा : गाव कुठलं, तारीख कोणती, आणि पत्र पोचायला किती दिवस लागले.