राठ केसांच्या डच शेफर्डवर मशीन फिरवू का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो, घरी दीड वर्षाचा राठ केसांचा डच शेफर्ड कुत्रा आहे, भैरू. सध्या त्याचे केस पुंजकेच्या पुंजके निघतायत, सोफ्यावर, गाडीत, परवा तर कणकेत केस सापडला. उन्हाळ्याआधी सरळ मशीन फिरवून बारीक करून टाकू का? आणि आमची चार वर्षांची लेक पळाली की हा मागून जाऊन तिच्या टाचांना तोंड लावतो, चावत नाही पण ती घाबरून रडते. सासूबाई आल्यात, त्यांचं एकच चालू आहे, हे ध्यान परत देऊन टाका.

उत्तर: ध्यान असू द्या घरातच, आणि मशीन अजिबात नको. या कुत्र्याच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ तारेसारखे केस आणि खाली मऊ दाट लोकर. वरचा केस पिकला की मुळाशी सैल होतो पण सगळा काही आपला आपण गळत नाही, तो हाताने उपटून काढायचा असतो, साधारण वर्षातून दोनदा. मशीनने नुसतं वरचं टोक कापलं जातं, मेलेला केस तसाच आत राहतो, आणि पुढे कोट मऊ पडतो, अंगावरचे ते सुंदर पट्टे फिके होतात, पाऊस अंगावरून निथळायचा तो आत मुरायला लागतो. तुमच्याकडे नोव्हेंबरात काय अवस्था होईल बघा!

केस पिकलाय की नाही हे बघायला पाठीवरची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढा, अलगद हातात आली तर वेळ झाली. एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताने थोडे थोडे केस, वाढीच्याच दिशेने. बोटं घसरत असतील तर रबरी बोटमोजे घाला, आणि आधी आंघोळ घालू नका, धुतलेला केस धरताच येत नाही. हिसका मारावा लागतोय किंवा कातडी लाल होतेय तर थांबा, उरलेलं पुढच्या आठवड्यात. पोट आणि जांघेत उपटायचं नाही, तिथे कात्री. ट्रिमसलॉनमध्ये, म्हणजे कुत्र्यांचे केस करून देणाऱ्या दुकानात, नेणार असाल तर हाताने उपटून देता का हे फोनवरच विचारा, कारण बरेच जण मशीनच काढतात. रोज ब्रशही नको, अधूनमधून मोठ्या दातांची फणी पुरे. दाढी मात्र जेवणानंतर पुसायचीच, दहीभात घालत असाल तर विशेष, नाहीतर दोन दिवसांत आंबूस वास मारतो.

आता लेकीचं. हॉलंडमध्ये मेंढ्यांचा कळप शेताच्या कडेने नेताना पिकात शिरू न देणं हे या जातीचं मूळ काम, शिवाय अंगणातल्या कोंबड्या भाजीच्या वाफ्यापासून लांब ठेवायच्या, गाई दुधाला गोळा करायच्या, दुधाची गाडीसुद्धा ओढायची. 1898 मध्ये या जातीचा क्लब निघाला, 1914 मध्ये फक्त पट्टेरी रंग चालेल असं ठरलं, पण डोकं शेतावरचंच राहिलं, त्यामुळे पळणारं पोर दिसलं की त्याला वळवून आणायचंच असतं. ओरडून काही होत नाही, उलट त्याला वाटतं सगळेच कामाला लागले. लेकीला सांगा, तो मागे आला की पुतळा व्हायचं, आणि भैरूला घरातही पट्टा लावून ठेवा, ती पळताना त्याने तुमच्याकडे बघितलं की लगेच त्याला खाऊ. नुसता तासभर फिरवून हा दमत नाही, त्याला गवतात लपवलेलं खेळणं शोधणं, माग काढणं असलं डोक्याचं काम द्या. दोघांना एकटं सोडायचं नाही, आणि गुरगुरला किंवा दात लागला तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट न बघता वर्तनतज्ज्ञ गाठा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, राठ केसांच्या प्रकारात डोळ्यातलं पाणी निचरा होण्याचा कोन जन्मतः अरुंद असू शकतो आणि त्यातून काचबिंदू होतो. पैदास करणाऱ्याकडे आईबापांच्या तपासणीचे कागद मागा. डोळा लाल, धुरकट, सारखा मिटलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न: आम्ही युरोपातून कायमचे पुण्याला परत येतोय, आमची राठ केसांची कुत्री तिथे टिकेल का?

उत्तर: टिकेल, पण एप्रिल-मेमध्ये फिरणं पहाटे आणि रात्रीच, आणि तिथेही भादरायचं नाही. निवास बदलून येणाऱ्यांना कुत्रं आणता येतं, त्यासाठी भारतातल्या प्राणी क्वारंटाइन खात्याची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, तुम्ही निघण्याआधीच हातात हवी. परत युरोपात जाण्याची थोडीही शक्यता असेल तर रेबीजची टायटर टेस्ट (लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी रक्ततपासणी) तिथूनच करून निघा आणि लस चुकू देऊ नका, म्हणजे नंतर तीन महिने थांबावं लागत नाही. खरी डोकेदुखी उन्हाची नाही, गोचिडांची! राठ केसांत गोचीड दिसतच नाही, म्हणून फिरून आलं की कानात, दाढीत, बोटांच्या बेचक्यात हात घालून चाचपायचं, आणि मरगळ, ताप, हिरड्या पांढरट असं काही वाटलं तर रक्त तपासून घ्यायचं.