मीही हुर्यो उडवली होती

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

एनबीएच्या ड्राफ्टच्या रात्री, म्हणजे अमेरिकेतले बास्केटबॉलचे संघ एकेक करून नवी पोरं निवडतात त्या रात्री, घरच्या ग्रुपवर तू एक स्क्रीनशॉट टाकलास. तुझ्या लाडक्या संघानं ज्या पोराला निवडलं, त्याच्याच पानावर जाऊन, त्याच्या आईबरोबरच्या फोटोखाली तू लिहिलेली ओळ. ताईनं अर्थ न कळता खाली हसरा चेहरा टाकला, आबांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. मी काहीच टाकलं नाही, कारण मला जे म्हणायचंय ते ग्रुपवर म्हणण्याजोगं नाही. संघ कोणता, मुलगा कोण, हे इथे लिहीत नाही. चार वर्षांनी हे पत्र सापडलं तर तुला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढ्यासाठी.

आधी माझं ऐक. २५ जून २०१५ ला मी ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये होतो. ऑफिसातल्या मित्राकडे एक तिकीट जास्तीचं होतं. मी निक्सवाला, न्यूयॉर्क निक्सचा. निक्सवाला असणं म्हणजे काय हे तुला पुरतं कळणार नाही. शेवटचं विजेतेपद १९७३ चं, म्हणजे त्या रात्रीपर्यंत ४२ वर्षं कोरडी गेलेली. त्यात तो मोसम तर १७ विजय आणि ६५ पराभव, संघाच्या इतिहासातला सगळ्यात वाईट. एवढं हरल्यावर ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक तरी पदरात पडेल अशी आशा होती. (तुझी मामी अजून विचारते, नापास होणाऱ्याला आधी वाढायचं ही कसली रीत?) पण निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत घसरून आम्ही चौथ्यावर आलो. शेवटून दुसरे येऊनसुद्धा चौथे! हरण्यातही आमचा नंबर लागला नाही.

पहिले तीन मुलगे गेले: टाउन्स मिनेसोटाला, रसेल लेकर्सला, ओकाफोर फिलाडेल्फियाला. ओकाफोर आमच्यापर्यंत पोचेल म्हणून आमच्या रांगेतले दोघं अक्षरशः हात जोडून बसले होते. मग कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर व्यासपीठावर आले आणि त्यांनी नाव घेतलं: क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस. लॅटव्हियाचा, वय १९, उंची ७ फूट ३ इंच, स्पेनमध्ये सेव्हियाकडून खेळणारा. आणि अख्ख्या हॉलनं हुर्यो उडवली.

अख्ख्या हॉलनं म्हणजे मीही. तोंडाभोवती दोन्ही हातांचा कर्णा करून. मी त्या मुलाचा एकही पूर्ण सामना पाहिला नव्हता. तो टेबलावरून उठला, घरच्यांना भेटला, निळी-नारिंगी टोपी डोक्यावर चढवली आणि आमच्या त्या आवाजातून चालत व्यासपीठावर गेला. टीव्हीच्या कॅमेऱ्यानं एका लहान निक्सवाल्या पोराला टिपलं, ते ढसाढसा रडत होतं. ते चित्र दुसऱ्या दिवशी जगभर फिरलं. पोर बिचारं लहान होतं, त्याला रडायचा हक्क होता. मी ४१ वर्षांचा होतो.

माझ्या डावीकडे साठीतले एक गृहस्थ बसले होते. मांडीवर शाळकरी वही, बॉलपेन. जाहीर होईल ते प्रत्येक नाव ते वहीत उतरवत होते. त्यांनी हुर्यो उडवली नाही. चौथ्या ओळीवर त्यांचं पेन अडलं, स्पेलिंग जमेना. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका तरुणाच्या खांद्यावर बोट टेकवून विचारलं. तो तरुण शिट्ट्या मारण्यात गुंग होता, तरी त्यानं फोनवर नाव काढून दाखवलं. गृहस्थांनी आधीचं खोडलं, नीट लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘लांबलचक आहे.’ बस, एवढंच.

आता तू म्हणशील, मामा, पण लोकांचं चुकलं काय? त्यांना कारणं होती. होती ना! १९९९ मध्ये निक्सनी १५ व्या क्रमांकावर फ्रेडरिक वाइस नावाचा उंच फ्रेंच खेळाडू घेतला. तो निक्सकडून एकही सामना खेळला नाही, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये व्हिन्स कार्टरनं त्याच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू थेट कडीत कोंबला तेवढ्यापुरता जगाला माहीत झाला. त्याच्या पुढच्याच, १६ व्या क्रमांकावर रॉन आर्टेस्ट शिकागोला गेला. आमच्या क्वीन्समधला, घरचा मुलगा. पुढे २०१३ मध्ये सात फुटी इटालियन बार्न्यानी आणला, तोही पुढच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा निवडीचा हक्क देऊन, आणि दोन वर्षं आम्ही त्याला दुखापतीत बघितलं. तेव्हा ‘उंच, गोरा, युरोपातला, हलका नेमबाज’ एवढं कानावर पडलं की आमची जखम भळभळायला लागायची. त्या रात्रीची हुर्यो पोर्झिंगिसला नव्हतीच रे. ती वाइसला होती, बार्न्यानीला होती, मालकाला होती, त्या ६५ पराभवांना होती. पण समोर उभा होता तो १९ वर्षांचा मुलगा.

तुझ्या त्या ओळीतही मला हेच दिसलं. त्या मुलाबद्दल तिच्यात काहीच नाही. आहे ते सगळं मागच्या तीन मोसमांबद्दल.

आणि हेही सांगतो, म्हणजे मी तुला निव्वळ गोडगोड उपदेश करतोय असं वाटायला नको: गर्दी दर वेळी चुकते असं नाही. २००९ ला निक्सचा आठवा क्रमांक होता, ड्राफ्ट आमच्या घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच होता, आणि लोक एका बारीक चणीच्या पोरासाठी जीव टाकत होते. स्टीफन करी, पुढे महान नेमबाज ठरलेला. गोल्डन स्टेटनं त्याला सातव्यावर उचललं. आमच्या वाट्याला जॉर्डन हिल आला. तेव्हा जे हळहळले ते शंभर टक्के बरोबर होते. म्हणून मत ठेवू नकोस असं मी म्हणत नाही. मत ठेव, भांड, पैज लाव. निवड करणाऱ्या साहेबांवर तर खुशाल घसर. त्यांना निवडीचाच पगार मिळतो. आमच्याकडे २०१५ ला निवड करायला फिल जॅक्सन होते, प्रशिक्षक म्हणून ११ विजेतेपदं नावावर असलेले, त्यांनाही आम्ही सोडलं नाही. पण ज्याला निवडलं त्यानं आपलं नाव पुकारायला सांगितलेलं नसतं. संघ कुठला हेही त्याच्या हातात नसतं. आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीसारखं आहे ते: ऑर्डर निघते आणि बॅग भरायची.

पोर्झिंगिसनं काय केलं? हुर्योबद्दल विचारल्यावर चिडला नाही. लोक खूश नाहीत हे कळतं, त्यांना टाळ्या वाजवायला लावणं माझ्या हातात आहे, अशा अर्थाचं बोलला. मग नोव्हेंबर उजाडला. दुसऱ्याचा नेम चुकून चेंडू कडीवरून उसळला की हा मागून कुठूनतरी येऊन हवेतच तो पकडायचा आणि तसाच आत कोंबायचा. एकदा नाही, आठवड्याला दोन-तीनदा. मला रात्री झोप लागेना. पहिल्या मोसमात सरासरी १४.३ गुण, ७.३ रिबाउंड. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात टाउन्सच्या मागोमाग दुसरा. १७ विजयांचा संघ ३२ वर गेला. सहा नंबरची जर्सी मी जानेवारीत घेतली, पूर्ण किमतीला, आणि दुकानातल्या पोरीनं ‘तेव्हा तुम्हीपण बू केलं होतंत का?’ विचारल्यावर खोटं बोललो.

पण गोष्ट इथे संपवली तर ती फसवी होईल, आणि तुला फसव्या गोष्टी लगेच ओळखू येतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये, ऑल-स्टार म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाल्यावर, त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. जानेवारी २०१९ अखेर निक्सनी त्याला डॅलसला देऊन टाकलं. त्या नोव्हेंबरात तो डॅलसच्या जर्सीत गार्डनमध्ये आला तेव्हा प्रत्येक वेळी चेंडू हातात आला की हुर्यो. पुन्हा तोच आवाज, तेच लोक. मी घरी टीव्हीसमोर होतो. ही हुर्यो मात्र मला पटली. ती त्याच्याच नावाची होती, साडेतीन वर्षं जीव लावल्यानंतरची. नवऱ्या-बायकोत भांडण होतं तसं. पहिली हुर्यो तर मुलगी बघायला न जाताच नकार कळवण्यातली. पुढे २०२४ ला तो बोस्टनकडून विजेता झाला, आणि अंतिम फेरीत समोर डॅलस होतं. निक्सवाल्यानं बोस्टनच्या विजयावर काय बोलावं? गप्प बसलो.

आणि आम्ही ज्याच्यासाठी हात जोडले तो ओकाफोर? पहिल्या वर्षी सरासरी १७.५ गुण, पोर्झिंगिसपेक्षा जास्त. त्या वर्षी थांबून हिशेब केला असता तर गर्दी जिंकली असती. पण २०१७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियानं त्याला ब्रुकलिनच्या संघाला देऊन टाकलं, आणि तो पुन्हा नीट उभा राहिला नाही. त्याच ड्राफ्टच्या रात्री १३ व्या क्रमांकावर डेविन बुकर, पुढे मोठा खेळाडू झालेला, फिनिक्सला गेला. त्याच्या नावानं आमच्या रांगेत ना कोणी रडलं, ना कोणी नाचलं. मी तेव्हा खायच्या स्टॉलच्या रांगेत होतो.

तू वानखेडेवर होतास ना, एप्रिल २०२४ मध्ये? मुंबईच्याच कप्तानाला, हार्दिकला, मुंबईच्याच लोकांनी भंडावलं ती संध्याकाळ. तूच फोनवर सांगितलं होतंस, ‘मामा, अख्खं स्टेडियम एका सुरात.’ जुलैत विश्वचषक घेऊन तो त्याच मैदानात आला तेव्हा त्याच्या नावाचा गजर झाला, त्यातही तू होतास. या दोन संध्याकाळच्या मधले तीन महिने तू काय विचार करत होतास, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो.

कामाचे दोन शब्द सांगतो. पहिल्या फेरीतल्या मुलाचा करार दोन वर्षं पक्का असतो, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. म्हणजे ज्यांचे कोट्यवधी डॉलर अडकलेत तेसुद्धा दोन ते चार वर्षं थांबतात, आणि तू चार मिनिटं थांबला नाहीस. जुलैमध्ये लास व्हेगासची नवख्यांची समर लीग बघ, पण तिथले गुण मोजू नकोस, तिथे सगळेच हपापलेले असतात. फ्री थ्रो बघ. पंधरा फुटांवरून, कोणी आडवं नसताना हात कसा सुटतो ते बघ. तीन गुणांचा नेम आज बसत नसेल पण फ्री थ्रो शंभरात ऐंशी पडत असतील, तर नेम येण्याची आशा असते. बचावात त्याचे पाय बघ. टाळ्या पडतात तिथे नजर नको, चेंडू दुसऱ्या बाजूला असताना तो काय करतोय तिकडे हवी. आणि बाकावर बसवल्यावर तो खेळ बघतो की छत बघतो, ते बघ. त्याचं नावही नीट उच्चारायला शीक. आपल्या आडनावाचे इथे काय हाल होतात ते तुला माहीत आहे.

एक गोष्ट राहिली. तुला ती आजवर सांगितलेली नाही.

त्या रात्री मी रागानं लवकर निघालो. दुसरी फेरी कोण बघतो, म्हणालो. खालून सबवे पकडून पेन स्टेशन, तिथून घरी, न्यू जर्सीतल्या एडिसनची गाडी. नेवार्क गेल्यावर फोन वाजला, मित्र ओरडत होता: ‘अरे, तुमचा माणूस! तुमचा!’ डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर सतनामसिंग घेतला होता. पंजाबातल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच, तोही १९ चा. भारतात जन्मलेला पहिला मुलगा, ज्याचं नाव एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पुकारलं गेलं. चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. एनबीएचा सामना त्याच्या नशिबी आला नाही, पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला, ते सगळं खरं. पण ते नाव एकदाच पुकारलं जाणार होतं, आणि मी त्याच हॉलमध्ये होतो, हातात तिकीट घेऊन. दुसऱ्या एका १९ वर्षांच्या मुलावर ओरडून दमलो म्हणून ते ऐकायला थांबलो नाही.

डावीकडचे ते गृहस्थ मी उठलो तेव्हा बसलेलेच होते. त्यांनी मला जायला वाट दिली आणि वही छातीशी धरली. शेवटपर्यंत थांबले असतील तर त्यांच्या वहीत ५२ व्या ओळीवर ते नाव असणार, स्पेलिंग विचारून घेतलेलं.

या रविवारी ये. गाडीची वेळ कळव, स्टेशनवर घ्यायला येतो. मामीनं फणसाची भाजी करायचं ठरवलंय, डब्यातला फणस आहे, तक्रार करू नकोस. आणि हे पत्र लिहायला बसण्याआधी मी त्या मुलाच्या पानावर जाऊन आलो. तुझी ओळ अजून तिथेच आहे, त्याच्या आईच्या फोटोखाली.

तुझा,
मामा