गिटारविना नॉइज रॉक

प्रश्न : ‘लायर्स’ या अमेरिकी बँडचा २००६ चा अल्बम ‘ड्रम्स नॉट डेड’ ऐकून मी नॉइज रॉककडे, म्हणजे गोंगाटालाच संगीत करणाऱ्या रॉककडे वळलो. त्यांचा २०१२ चा ‘विश यू’ (रोमन लिपीत ‘WIXIW’) मात्र जवळजवळ सगळा सिंथेसायझरवर उभा आहे. गिटारचा गोंगाटच नसेल, तर त्याला नॉइज रॉक का म्हणायचे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गोंगाट हा गिटारचाच असतो, हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि माझा मतभेद तिथेच आहे. न्यूयॉर्कच्या ‘सुइसाइड’ या जोडीने १९७७ साली पहिला अल्बम काढला, तेव्हा अ‍ॅलन व्हेगाचा गळा, मार्टिन रेव्हचा कीबोर्ड आणि ड्रम मशीन एवढाच त्यांचा सरंजाम होता. तरी त्यातील दहा मिनिटांचे ‘फ्रँकी टिअरड्रॉप’ शेवटपर्यंत ऐकताना आजही धीर सुटतो.

फरक आहे तो गोंगाट जन्मतो कुठे यात. गिटारच्या फीडबॅकमध्ये अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाने तारा थरथरतात, पिकअप, म्हणजे तारांचे कंप टिपणारा गिटारवरचा भाग, तो थरथराट पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडतो आणि हे चक्र वाढत जाते; वादक कुठे उभा आहे, खोली केवढी आहे, यावरही त्याचा स्वर ठरतो. अनेक अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये फिल्टरचा (आवाजातील काही स्वर गाळणाऱ्या भागाचा) रेझोनन्स, म्हणजे एखादा स्वर उठावदार करण्याची त्याची क्षमता, टोकाला नेला की फिल्टर आपोआप शिट्टीसारखा स्वर काढू लागतो. तोही फीडबॅकच, पण सर्किटच्या आतला, ज्यात हवेचा आणि खोलीचा वाटा नसतो. त्यामुळे तो कोरडा आणि कानाच्या अगदी आत चालल्यासारखा वाटतो.

‘विश यू’मधील बेचैनी याच कोरडेपणातून येते. बँडच्या मदतीला ‘म्यूट’ या रेकॉर्ड कंपनीचे संस्थापक डॅनियल मिलर होते, ज्यांनी १९७८ मध्ये ‘द नॉर्मल’ या नावाने स्वतः सिंथेसायझरवर गाणे केले होते आणि पुढे ‘डिपेश मोड’ या बँडचे सुरुवातीचे अल्बमही घडवले. ‘लायर्स’चा गायक अ‍ॅन्गस अँड्र्यू याचा पूर्वी किंचाळणारा आवाज इथे दबका आहे. ‘ड्रम्स नॉट डेड’मधील ढोलांचा अंगावर येणारा धक्का इथे नाही, ही उणीव मलाही जाणवते. शीर्षकगीतात मात्र कीबोर्डचे तुकडे फिरून फिरून एकमेकांवर चढत जातात, आणि रोमन लिपीत उलटसुलट सारखेच वाचले जाणारे ते शीर्षक त्या घुमण्याला शोभून दिसते.

पहिल्या गाण्यापासून सुरुवात न करता दहावे ‘ब्रॅट्स’ आधी ऐका. तिथे ठोका आणि खरखर दोन्ही उघडपणे भेटतात. मग सहाव्या, म्हणजे शीर्षकगीताकडे या. तीच खरखर तिथे खालच्या आवाजात चाललेली ऐकू येईल.