पेशंटची परवानगी असेल तर डॉक्टरनं त्याचे फोटो, व्हिडिओ सोशल मीडियावर टाकायला काय हरकत आहे?

तुम्ही लिहिलंय की एमडी झाल्यावर तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला, चार महिने झाले, ओपीडी अजून म्हणावी तशी नाही, आणि घरचे आणि एक मार्केटिंगवाला दोघंही मागे लागलेत की रील टाका, बरे झालेल्या पेशंटचे व्हिडिओ टाका, सगळेच टाकतात. मी चोवीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, जिल्ह्याच्या ठिकाणी छोटं आयसीयू आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सोशल मीडिया जरूर वापरा, पण पेशंटला त्यात आणू नका, सही केलेला कागद हातात असला तरी आणू नका. हे इतकं ठाम सांगतोय कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

२०१६ चा पावसाळा होता. पहाटे पन्नाशीच्या एक बाई आणल्या, रात्री ओसरीवर खाली अंथरूण टाकून झोपल्या होत्या, पहाटे पोटात कळा यायला लागल्या, पाणी गिळेना, घरच्यांना वाटलं पित्त झालंय. माझ्याकडे आल्या तेव्हा पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि मान धरत नव्हती. मण्यार चावली होती, टॉर्च मारून अंगभर शोधलं तरी दाताची खूण काही सापडली नाही, मण्यारच्या बाबतीत असं होतंच. एव्हीएस, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, सुरू केलं, श्वास कमी पडायला लागला तशी ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं, आणि मग सल्ला हवा म्हणून जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला, पापण्या दिसाव्यात म्हणून चेहऱ्याचाच. ट्यूबची पट्टी चिकटवायच्या आधी सिस्टरनी तोंडावरचा घाम पुसला होता, त्यात कपाळाचं कुंकूही पुसलं गेलेलं, केस मोकळे, डोळे मिटलेले. तेव्हा यातलं काहीच माझ्या लक्षात आलं नाही, मला फक्त पापण्या दिसत होत्या.

ग्रुपवर साठेक डॉक्टर, दोघांनी चांगला सल्लाही दिला. पाचव्या दिवशी ट्यूब निघाली, नवव्या दिवशी बाई चालत घरी गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा आला, केसपेपर न काढताच आत आला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांच्या गावच्या ग्रुपवर तोच फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. साठ जणांतून तो कुणाच्या फोनवरून बाहेर पडला, मध्ये किती हात लागले, ते कधीच कळलं नाही. त्यांची मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली, ती शेतात होती तेव्हा हा फोटो तिच्या फोनवर पोचला, तशीच एसटीत बसली आणि तीन तास रडत आली, घरच्यांना फोन लावत राहिली पण कुणी उचलत नव्हतं, कारण आमच्या आयसीयूत जाताना नातेवाइकांना मोबाईल बाहेर ठेवायला लावतो. मुलगा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, आई तुमच्यामुळे आहे. पण तिनं हा फोटो बघितलाय, कुंकू नसलेला." नवरा जिवंत असलेल्या त्या बाईला गावानं तसं बघितलं होतं. मी माफी मागितली. बाई परत माझ्याकडे कधी दाखवायला आल्या नाहीत.

आता बघा, मी त्यांचं नाव टाकलं नव्हतं, गाव टाकलं नव्हतं, मला जाहिरात करायची नव्हती, ग्रुप डॉक्टरांचाच होता. आणि खरं सांगायचं तर फोटोची गरजच नव्हती, 'दोन्ही पापण्या मिटल्यात, मान धरत नाही, गिळता येत नाही' एवढं लिहिलं असतं तरी तेच दोघं तोच सल्ला देणार होते. म्हणून तुम्ही जो व्हिडिओ कौतुकानं, सगळ्यांनी बघावा म्हणूनच टाकणार आहात तो कुठे जाईल, त्याखाली कोण काय लिहील, हे तुमच्या हातात काहीच राहणार नाही.

नियमाचं सांगतो, कारण मार्केटिंगवाले हमखास म्हणतात की सोशल मीडियाला नियमच नाहीत. डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशननं २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली काढली होती, तिच्यात सोशल मीडियावर वेगळ्या मार्गदर्शक सूचनाच होत्या: पेशंटचे फोटो किंवा स्कॅन टाकायचे नाहीत, बऱ्या झालेल्या पेशंटची प्रशस्ती मागायची नाही आणि शेअरही करायची नाही, ऑपरेशनचे व्हिडिओ नकोत, लाइक आणि फॉलोअर विकत घ्यायचे नाहीत. ती नियमावली महिना व्हायच्या आत, २३ ऑगस्टला स्थगित झाली, पण ती मुख्यतः जेनेरिक औषधं लिहिण्याच्या सक्तीवरून आणि कंपन्यांच्या कॉन्फरन्सवरून उठलेल्या ओरडीमुळे, पेशंटचे फोटो टाकायला मिळावेत म्हणून कुणी आंदोलन केलं नव्हतं. आणि स्थगितीनंतर मेडिकल कौन्सिलचे २००२ चे जुने नियम पुन्हा लागू झाले, ते काही ढिले नाहीत. प्रत्यक्ष किंवा आडून पेशंट ओढणं त्यात अनैतिक धरलंय, दवाखान्याच्या बोर्डावर किंवा लेटरहेडवर स्वतःचा फोटो छापणं हीसुद्धा जाहिरात धरलीय, मग रोज सकाळी स्वतःचा फोटो टाकून 'आजच अपॉइंटमेंट घ्या' लिहिणं कशात बसतं ते तुम्हीच बघा. औषधाची किंवा प्रॉडक्टची जाहीर शिफारस करायची नाही हे २००९ च्या दुरुस्तीत आणखी स्पष्ट झालं. तेव्हा प्रोटीन पावडरवाले डबा पाठवून 'फक्त हातात धरून फोटो काढा डॉक्टर' म्हणतील तेव्हा डबा परत पाठवा.

त्याच २००२ च्या नियमांत एक वाक्य आहे ज्याचा लोक सोयीनं अर्थ लावतात. कलम ७.१७ म्हणतं की ओळख पटेल अशा रीतीनं पेशंटचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, आणि ओळख उघड होत नसेल तर परवानगीची गरज नाही. पण ओळख पटते की नाही हे ठरवणार कोण? तुम्ही डोळ्यांवर काळी पट्टी लावाल, पण मनगटावर गोंदलेलं नाव राहील. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख आणि सेंटरचं नाव छापलेलं असतं, सोनोग्राफीवरही असतं, घाईत क्रॉप करायचं राहतं. आणि 'बाजारपेठेतले ५२ वर्षांचे खतविक्रेते, काल रात्री छातीत दुखून आले' असं लिहिलंत तर पुण्या-मुंबईत चालूनही जाईल, तुमच्या गावात खताची दुकानं किती आहेत? तालुक्याच्या गावात नाव लपवून काहीच लपत नाही.

आणि परवानगी. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे. डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही केबिनमध्ये विचारणार, काका दोन शब्द बोलता का, आणि काका म्हणणार तुम्ही म्हणाल तसं डॉक्टर. ते दुसरं काय म्हणणार हो? कालपर्यंत सलाईन तुमच्या हातात होती, पुढच्या सोमवारी परत तुमच्याकडेच यायचंय, बिलात दोन हजार कमी केलेत तेही मनात आहे. माझ्या इतक्या वर्षांत एकही पेशंट असा आठवत नाही जो तोंडावर 'नाही' म्हणाला असेल, आणि म्हणूनच त्या 'हो'वर माझा विश्वास नाही. शिवाय त्याला कुठे माहीत असतं की पुढे काय होणार आहे. फिट येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीचा 'आता मी पूर्ण बरी आहे' असा व्हिडिओ आज तिलाही छान वाटेल, आईवडील रडून आभार मानतील, आणि चार वर्षांनी स्थळ बघायला आलेल्या घरातला कुणीतरी तोच व्हिडिओ उघडून दाखवेल. तेव्हा तुम्ही तो काढून टाकाल, पण डाउनलोड करून ठेवलेल्याचं काय करणार? जर्नलमध्ये छापायला किंवा शिकवायला केस लागली तर वेगळी गोष्ट, तेव्हा लेखी संमती मराठीत घ्या, कुठे छापणार ते त्यात लिहा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, आणि माझं मत असं की डिस्चार्जच्या दिवशी घेऊ नका, पुढच्या भेटीला घ्या, घरी जाऊन विचार करायला वेळ मिळतो.

दवाखान्याच्या आत कॅमेरा नेला की माणसाचं भान सुटतं हे आपण बघितलंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरनं प्री-वेडिंग शूट केलं आणि नोकरी गेली, त्याच महिन्यात गदगच्या मेडिकल कॉलेजमध्ये आवारात रील केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. अमेरिकेत ओहायोमधल्या एका प्लास्टिक सर्जन बाई ऑपरेशन चालू असताना टिकटॉकवर लाइव्ह यायच्या, बघणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या, पेशंटना गंभीर इजा झाल्या आणि जुलै २०२३ मध्ये तिथल्या मेडिकल बोर्डानं त्यांचं लायसन्स कायमचं रद्द केलं. भूल दिलेला माणूस टेबलावर आहे आणि सर्जनचं अर्धं लक्ष कॉमेंटकडे, हे वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

कॉमेंटवरून आठवलं, तुम्ही काहीही चांगलं टाकलंत तरी खाली कुणीतरी विचारणारच, सर माझं बीपी आता नॉर्मल आहे, गोळी बंद करू का. तिथे 'हो' किंवा 'नाही' काहीच लिहू नका, 'गोळी मनानं बंद करू नका, तुमच्या डॉक्टरना भेटा किंवा दवाखान्याच्या नंबरवर फोन करा' इतकंच. व्हॉट्सॲपवर सल्ला देणं बेकायदा नाही, २५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्समध्ये फोन, व्हिडिओ, मेसेज सगळं बसतं, पण तो सल्ला म्हणजे पूर्ण कन्सल्टेशन असतं, पेशंट कोण, वय काय हे विचारायचं, नोंद ठेवायची, प्रिस्क्रिप्शन नीट द्यायचं, तपासल्याशिवाय कळणार नाही असं वाटलं तर बोलवून घ्यायचं. मी दवाखान्याचा नंबर वेगळा ठेवलाय, त्यावर स्टेटस टाकत नाही, आणि तो फोन रात्री घरी नेत नाही.

रिव्ह्यूचं मात्र जपून. एखादा गूगलवर लिहील की डॉक्टरनं फालतू तपासण्या करून पैसे काढले, आणि तुमचं रक्त उसळेल, बोटं लिहायला लागतील की तुमची शुगर ४१२ होती, तीन महिने गोळ्या घेतल्या नव्हत्या, मग तपासण्या नको? माझ्या एका मित्रानं अस्संच लिहिलं. सगळं खरं होतं, पण ४१२ हा आकडा त्या माणसाचा होता, मित्राचा नव्हता, आणि तो आकडा सगळ्या गावानं वाचला. फक्त 'दवाखान्यात या, बसून बोलू' लिहा आणि फोन बाजूला ठेवा. हा माणूस माझा पेशंट आहे एवढं कबूल करणंसुद्धा टाळा.

आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर एक्स-रे टाकून हसणं चालतं ना, अमक्याच्या पोटात काय सापडलं, गुदद्वारात काय अडकलं, ते कृपा करून करू नका आणि कुणी केलं तर 'हे काढा' असं एक वाक्य लिहा. पहिल्यांदा लिहिताना फार अवघड जातं, ग्रुपवर शांतता पसरते, पण मी लिहिलंय आणि दोनदा पोस्ट काढली गेलीय.

मग करायचं काय, तर भरपूर आहे. त्याच २००२ च्या नियमांत सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावानं लिहायला, रेडिओ-टीव्हीवर आणि अगदी इंटरनेटवरसुद्धा बोलायला मोकळीक आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, गावाला चाललोय, परत आलोय, फी किती, हे जाहीर करता येतं. रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर असतो तसा प्रोफाइलवरही टाका, म्हणजे खरा डॉक्टर कोण हे लोकांना तपासता येईल. मग रोगाबद्दल बोला, पेशंटबद्दल नको. मेडिकलमधून मनानं आणलेल्या स्टेरॉइडच्या क्रीमनं गजकर्ण कसं पसरतं आणि औषधाला दाद देईनासं होतं, डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस का धोक्याचे, टीबीची औषधं दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून का सोडायची नाहीत. चेहरा तुमचा, बोली तुमच्या गावची, दोन मिनिटं पुरे. यानं ओपीडी पहिल्या महिन्यात वाढणार नाही, माझी वाढायला दीड-दोन वर्षं लागली, पण जे आले ते 'डॉक्टर आमचं कुठे बोलत नाहीत' म्हणून आले आणि टिकले.

पहिला व्हिडिओ मण्यारवर करा, पाऊस तोंडावर आलाय. साप रात्री घरात येतो, खाली झोपलेल्याला चावतो, फारसं दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून पहाटे कारण नसताना पोट दुखायला लागलं किंवा पापण्या जड झाल्या तर तडक एव्हीएस आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्या, दोरी बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, आणि पावसाळाभर खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. मला पाठवा, मी आमच्या तालुक्यातल्या आशाताईंच्या ग्रुपवर टाकतो.