'सुलतान ऑफ स्वॉट' : स्वातचा सुलतान की टोल्यांचा?

अमेरिकेचा बेसबॉलपटू बेब रूथ याला एका मराठी लेखात 'स्वातचा सुलतान' म्हटले आहे. त्याचा पाकिस्तानातील स्वात खोऱ्याशी काही संबंध होता का, आणि नसल्यास 'सुलतान ऑफ स्वॉट' या त्याच्या इंग्रजी बिरुदाचे योग्य मराठी रूप कोणते, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे.

संबंध काहीही नव्हता. रूथ १८९५ साली बाल्टिमोर येथे जन्मला आणि सातव्या वर्षी तिथल्याच सेंट मेरीज या मुलांच्या सुधारगृहवजा औद्योगिक शाळेत दाखल झाला. बेसबॉल तो तिथेच शिकला. घोटाळा केला आहे तो इंग्रजी वर्णलेखनाने. त्या खोऱ्याचे नाव आणि सणसणीत तडाखा या अर्थाचा 'स्वॉट' हा शब्द यांची अक्षरे इंग्रजीत तंतोतंत सारखी आहेत, त्यामुळे शेजारी 'सुलतान' बसवताच तडाख्यालाच एखाद्या संस्थानाची कळा येते. ही गंमत मराठीत उतरवता येत नाही, आणि ती उतरवण्याच्या हट्टापायी अर्थ मात्र हातचा जातो.

आता 'स्वॉट'साठी शब्द कोणता घ्यावा? 'षटकार' घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. षटकाराच्या धावा ठरलेल्या असतात; होम रनला, म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेसची (मैदानातल्या धावण्याच्या टप्प्यांची) फेरी पुरी करून देणाऱ्या टोल्याला, मात्र त्या वेळी बेसवर किती खेळाडू उभे आहेत त्यानुसार एकपासून चारपर्यंत धावा मिळतात. 'फटका' चालेल, पण तो फार सर्वसाधारण आहे. विटीदांडूतला 'टोला' हाच मला सर्वांत नेमका वाटतो, कारण त्यात जोर आणि लांबवर गेलेली विटी दोन्ही आहेत. एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल : 'टोलेबाज' लिहू नये, कारण आजच्या वर्तमानपत्री मराठीत टोलेबाजी पुढारीच अधिक करतात. म्हणून 'टोल्यांचा सुलतान'.

हे बिरुद त्याला का शोभले, हे आकड्यांवरून कळते. बोस्टन रेड सॉक्स या संघाकडे तो आला तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून, आणि १९१६ च्या हंगामात त्याने २३ सामने जिंकून दिले. त्या काळी बॅट जरा वर धरून चेंडू मोकळ्या जागी ढकलणे ही शहाण्यांची रीत मानली जाई. रूथ मात्र एक किलोहून जड बॅट अगदी टोकाच्या गाठीशी पकडून सर्वांगानिशी फिरवी. अशा फिरवण्यात चेंडू हुकण्याचा धोका मोठा, आणि कारकिर्दीत तो १,३३० वेळा 'स्ट्राइक आउट', म्हणजे तीन संधी हुकवून बाद, झालाही. पण जो चेंडू लागे तो मैदानाबाहेर जाई. १९१९ अखेर बोस्टनने त्याला न्यू यॉर्क यँकीज या संघाला विकले आणि पुढच्याच हंगामात त्याने ५४ होम रन मारले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या जॉर्ज सिसलरचे १९ होते, आणि अमेरिकन लीग या त्याच्या स्पर्धेतील इतर कोणत्याही संपूर्ण संघाला ५४ चा पल्ला गाठता आला नाही. इथे 'सुलतान' ही अतिशयोक्ती उरत नाही. पुढे १९२७ मध्ये त्याने ६० मारले. कारकिर्दीतली त्याची ७१४ ही बेरीज १९७४ पर्यंत, म्हणजे हँक आरनने ती ओलांडेपर्यंत, अबाधित होती.

'बेब' हे मात्र भाषांतरित करू नये. त्याचे खरे नाव जॉर्ज हर्मन. १९१४ मध्ये जॅक डन यांनी त्याला बाल्टिमोर ओरिओल्स संघात घेतले, तेव्हा त्या कोवळ्या पोराला 'डनचे बाळ' म्हणून चिडवण्यात आले आणि तेच नाव १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत टिकले. पन्नाशीतल्या गृहस्थांनाही बिनदिक्कत 'बाळासाहेब' म्हणणाऱ्या आपल्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

याच संदर्भात इंग्रजीतील 'रुथियन' हे विशेषणही ध्यानात ठेवावे. प्रचंड लांब गेलेल्या टोल्याला किंवा एकूणच अवाढव्य कामगिरीला ते लावतात. त्याचे 'रूथसारखा' असे भाषांतर वाचले तर बेसबॉल न जाणणाऱ्या मराठी वाचकाला काहीच बोध होणार नाही. आपल्या क्रिकेटच्या वृत्तांतांत रुळलेला 'टोलेजंग' हा शब्द तिथे निःशंकपणे वापरावा.