घरातलं माणूस ध्यानाला लागतं तेव्हा

या वेळी टपालात ध्यानसाधना आणि घरातली नाती या एकाच विषयावरची पत्रं इतकी आली, की दुसरं काही घेताच आलं नाही. त्यातली चार निवडली आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेली आणि परत आली ती वेगळीच. आधी ती चिडायची, रडायची, दारं आपटायची. आता मी काहीही बोललो तरी शांतपणे ऐकते आणि म्हणते, “ही तुझी प्रतिक्रिया आहे, ती तू बघ.” मुलीच्या अभ्यासाची काळजी बोलून दाखवली तरी हेच उत्तर. ओळखीचे म्हणतात, नशीबवान आहेस, घरात भांडण नाही. मला मात्र घरात एकटं वाटतं. मी स्वार्थी आहे का?

उत्तर : नाही. पण तुमच्या पत्नीही ढोंग करत नाहीत, हे आधी सांगते. अशा शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाचे सुमारे दहा तास माणूस शरीरातल्या संवेदना नुसत्या बघत बसतो. गुडघा दुखला तरी लगेच हलायचं नाही, जुना अपमान आठवला तरी त्याच्यामागे धावायचं नाही. दहा दिवस हे केल्यावर राग येणं आणि राग बाहेर पडणं यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा तयार होते. दारं आपटायची थांबली ती या जागेमुळे. ती कमाई खरी आहे.

अडचण अशी, की आसनावर बसल्यावर समोर दुसरं कुणी नसतं. आपण आपल्यालाच बघतो आणि उत्तर कुणालाच द्यावं लागत नाही. घरात मात्र समोर माणूस असतो, आणि त्याने काहीतरी विचारलेलं असतं. शिबिरं चालवणाऱ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून तर शेवटच्या दिवशी मौन सोडवतात आणि लोकांना आपापसात बोलू देऊन मग घरी पाठवतात. एका दिवसात जमेल तेवढं जमतं. बाकीचं घरी शिकायचं असतं, आणि त्याचं शिबिर नसतं.

जॉन वेलवूड हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः बौद्ध साधना करायचे. आपल्या साधक मंडळींमध्ये त्यांना एक गोष्ट सारखी दिसायची : ज्या भावनिक कामाला हात घालायची भीती वाटते, त्याला वळसा घालण्यासाठी लोक अध्यात्माची भाषा वापरतात. या वळशाला त्यांनी 1984 साली “स्पिरिच्युअल बायपासिंग” असं नाव दिलं आणि तेव्हापासून समुपदेशकांमध्ये ते रूढ झालं. “ही तुझी प्रतिक्रिया आहे” हे वाक्य मी माझ्यासमोरच्या खुर्च्यांमध्ये बसलेल्या जोडप्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की ते आलं की मी पेन खाली ठेवते. वाक्य खरं असतंच. प्रत्येक बोलण्यात बोलणाऱ्याची प्रतिक्रिया असते. म्हणूनच त्यावर पुढे काही बोलता येत नाही, आणि मुलीच्या अभ्यासाचं काय करायचं ते तसंच राहतं.

तुमच्या पत्नीला आवडेल असं उदाहरण देते. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूला आला तेव्हाची कथा विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांच्या ग्रंथात आहे. राहुलच्या आईने, यशोधरेने, मुलाला सांगितलं, ते तुझे वडील, त्यांच्याकडे तुझा वारसा माग. पोरगं बापाच्या मागे मागे चालत वारसा मागू लागलं, आणि बुद्धाने आपल्या शिष्याला, सारिपुत्ताला, सांगून त्याला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, करून घेतलं. मग बुद्धाचा म्हातारा बाप शुद्धोदन आला. तू गेलास तेव्हा दुःख झालं, तुझा भाऊ नंद गेला तेव्हा झालं, आता राहुल गेला तेव्हा तर फारच झालं. मुलाची माया कातडी कापत, मांस कापत हाडाच्या आत मगजापर्यंत जाते, असं तो म्हणाला. आणि त्याने मागणं मागितलं, की यापुढे आईवडिलांच्या परवानगीशिवाय कुणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये.

आता बघा, समोर साक्षात बुद्ध आहे. “ही तुमची आसक्ती आहे, ती तुम्ही बघा” असं म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर त्याला. तो तसं म्हणाला नाही. त्याने भिक्खूंना बोलावून नियम घालून दिला. राहुल परत मिळाला नाही, हेही खरं. पण एका दुखावलेल्या बापाच्या तक्रारीने संघाचा कायदा घडला. यशोधरेला त्या कथेत दोनच वाक्यं मिळतात, याचा मला आजही राग येतो. तो विषय पुन्हा कधीतरी.

तुम्ही काय करायचं? ध्यानावर वाद घालू नका आणि टिंगल तर मुळीच नको. “तू बदललीस” हेही म्हणू नका, कारण त्यावर “हो, बदलले” याखेरीज उत्तर नाही. नेमकं विचारा : मुलीला शिकवणी लावायची का, तुझं मत काय? पुन्हा तेच वाक्य आलं तर म्हणा, “माझी प्रतिक्रिया मी बघतो. मला तुझं मत हवं आहे.” आवाज न चढवता, पण खोलीतून निघून न जाता. बऱ्याच साधकांनी मला खाजगीत सांगितलं आहे, की नव्याने मिळालेली शांती फुटेल या धास्तीने ते घरात बोलणं टाळतात. तुमच्या पत्नीच्या मनात तसं असेल तर तुमच्या न भांडता विचारण्याने ती धास्ती कमी होईल.

एक प्रश्न तुमच्यासाठीही. सतरा वर्षांच्या त्या भांडणांमधून तुम्हाला काय मिळत होतं? कित्येक घरांत भांडण हीच एकमेकांजवळ यायची वाट असते. एकाने ती बंद केली की दुसरा दोर सुटलेल्या रस्सीखेचीतल्या गड्यासारखा मागे आपटतो. ते लागलेलं असेल तर त्याचा दोष साधनेवर टाकू नका.

प्रश्न : वय 34. मी कुठल्याही गुरूची शिष्या नाही. आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी चालताना अचानक “मी” नावाचं काही उरलंच नाही. रस्ता होता, आवाज होते, पण ते कुणाला ऐकू येताहेत हे सापडेना. तीनचार दिवस अपार आनंद होता. त्यानंतर सगळं फिकं झालं. कामावरच्या गप्पा पोकळ वाटतात, मैत्रिणींचे फोन मी घेत नाही. लग्न ठरलं आहे, त्याच्याबद्दल प्रेम वाटतं की नाही तेही कळत नाही. मी पुढे गेले आहे की आजारी आहे?

उत्तर : दोन्हींपैकी एक निवडायची घाई करू नका.

ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांच्या गटाने 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांतल्या जवळपास शंभर ध्यान करणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्यांनी 59 प्रकारचे अनुभव नोंदवले आणि सात गटांत मांडले. “मी”पणाच्या जाणिवेत पडणारा फरक हा त्यातला एक गट, आणि माणसांशी असलेल्या नात्यांत पडणारा फरक हा दुसरा. आनंदाचं भरतं आहे, तशी भावना बधिर होणंही त्या यादीत आहे. तुम्ही ध्यानाला बसत नव्हतात, पण तुमचं पत्र त्या यादीत बसतं. त्या अभ्यासातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की एकाच अनुभवाने एकजण सुखावला तर दुसरा भेदरला. “मी” हरवणं म्हणजे मुक्ती किंवा “मी” हरवणं म्हणजे रोग, असा सरळ हिशेब नाही.

डॉक्टरांकडे गेलात तर सगळंच वेडात काढतील ही भीती असेल, तर सांगते : अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1994 सालापासून “धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या” अशी नोंद आहे, आणि ती मानसिक आजार म्हणून धरलेली नाही. म्हणून पुढच्यापैकी काही असेल तर नि:शंकपणे मनोविकारतज्ज्ञांना भेटा. झोप उडाली आहे पण थकवा नाही आणि आपल्यावर काही खास कार्य सोपवलं आहे असं वाटतं. शरीर आपलं वाटत नाही, जग काचेपलीकडे आहे, आणि हे सुटतच नाही. जेवण, आंघोळ, काम यांची घडी विस्कटली आहे. जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात; हे असेल तर आजच कुणाला तरी सांगा. आधीची औषधं चालू असतील तर मनाने बंद करू नका. आणि तो अनुभव परत यावा म्हणून तासन्‌तास डोळे मिटून बसायला लागला असाल तर सध्या थांबा. चाला, हाताने करायची कामं करा.

तुमच्यासारखी माणसं हमखास रमण महर्षींचा दाखला देतात. 1896 साली, सोळाव्या वर्षी, आपण मरतो आहोत असा तो अनुभव त्यांना आला. मग अभ्यास, मित्र, नातेवाईक सगळ्यांतून मन उडालं. थोरल्या भावाने टोमणा मारला आणि ते घर सोडून निघाले. सांगणारे इथे थांबतात. पुढची गोष्ट अशी : 1898 साली आई न्यायला आली तेव्हा ते मौनात होते, व्हायचं ते होणारच अशा अर्थाचं काहीतरी लिहून दिलं आणि आईला परत पाठवलं. अठरा वर्षांनी, 1916 साली, तीच आई कायमची राहायला आली आणि त्यांनी राहू दिलं. 1922 साली ती गेली त्या दिवशी एक हात तिच्या छातीवर आणि एक डोक्यावर ठेवून ते तिच्याजवळ बसून होते. पहिल्या वर्षांतला अलिप्तपणा ही त्या माणसाची सबंध गोष्ट नव्हती. तुमचे तर आठ महिनेच झाले आहेत.

लग्नाचं एवढंच, की या अवस्थेत “हो” किंवा “नाही” काहीच ठरवू नका; पण ठरवत नाही आहात हे त्याला सांगा, आणि का तेही. तो दुसरीकडून काहीतरी कारण शोधत बसला असेल, आणि बहुधा स्वतःतच शोधत असेल. ऐकून तो घाबरला तरी तो त्याचा हक्क आहे.

पोकळ गप्पांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. कामावरची बाई काल काय झालं ते सांगते तेव्हा ती माहिती पुरवत नसते. मी आहे, तू आहेस ना, एवढं चाचपत असते. “मी” नाहीसं झाल्यावर इतरांची गप्पा मारायची हौस हलकी कुणाला वाटते आहे? हे जरा तपासा. मैत्रिणींपैकी जी सर्वांत कमी प्रश्न विचारते तिचा फोन आधी घ्या.

प्रश्न : वय 28. माझे मार्गदर्शक म्हणतात, आईवडिलांची कंपनं खालची आहेत, प्रगतीसाठी त्यांच्याशी संबंध तोडावा लागेल. दोन महिने मी फोन केलेला नाही. त्रास होतो, पण तो अहंकाराचा त्रास आहे असं ते म्हणतात.

उत्तर : आईवडिलांनी मारहाण केली असेल, छळ केला असेल तर जरूर लांब राहा, त्याला कंपनांचं कारण लागत नाही. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. मग साधं बघा : संबंध तुटल्यावर “हे गृहस्थ कोण, पैसे किती घेतात, तू असा का दिसतोस” हे विचारणारं कोण उरतं? माझ्या पाहण्यात आलेल्या प्रत्येक फसवणुकीत हे विचारणारी माणसं सर्वांत आधी बाजूला काढलेली होती. फोन करा. केल्याचं मार्गदर्शकांना सांगा आणि ते काय बोलतात ते लिहून ठेवा. चिडले, घाबरवलं, अधोगतीची भाषा केली, तर संबंध कुणाशी तोडायचा ते तुमचं तुम्हाला कळेल.

प्रश्न : साधनेने माझं आयुष्य पार बदललं. नवऱ्याला मात्र गोडी लागत नाही. त्याला या मार्गावर कसं आणू?

उत्तर : आणू नका. मी पहाटे ध्यानाला बसते तेव्हा शेजारच्या खोलीत आमचे हे शब्दकोडं सोडवत असतात, आणि अडलं तर माझं ध्यान संपायची वाट बघतात. इतक्या वर्षांत ते कधी आसनावर बसले नाहीत. आजारपणात माणसाजवळ कसं बसावं हे मात्र मी त्यांच्याकडूनच शिकले. नवऱ्याला काय जमत नाही याची यादी तुमच्याकडे तयार दिसते; त्याला काय जमतं हे पत्रात कुठेच नाही. आणि शिबिराचं माहितीपत्रक त्याच्या उशाशी ठेवणं तेवढं बंद करा. त्याने ते वाचलं आहे.