कुंडीतल्या मिरचीला पाला भरपूर येतो, पण फुलं गळतात. कोणतं खत देऊ?

युरिया आणि इतर नत्रप्रधान खतं आधी थांबवा. कळ्या दिसल्यापासून ०:५२:३४ (नत्र शून्य, फक्त स्फुरद आणि पालाश असलेलं) हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात २ ग्रॅम विरघळवून दर पंधरा दिवसांनी मुळाशी द्या. नत्र जास्त झालं की झाड पाला वाढवत बसतं, फुलं धरत नाही. फळं लागली की मूठभर गांडूळखत मातीत मिसळा, नाहीतर नत्र अगदीच कमी पडून जुनी पानं पिवळी होतात. खत नेहमी ओल्या मातीत. कोरड्या मातीत क्षारांनी मुळं भाजतात, पानांच्या कडा करपतात. मात्र दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर असेल तर ही फूलगळ उन्हाची, खताने थांबणार नाही. दुपारी सावली करा, खताचं प्रमाण वाढवू नका.